फरशीमागचा गणपती

एप्रिल लागतो, परीक्षेचं वेळापत्रक फलकावर येतं, वसतिगृहातल्या मुली जेवताना बोलायच्या थांबतात, आणि माझं बोट आपोआप भिंतीकडे जातं. अंबाजोगाईच्या आमच्या महाविद्यालयातल्या अभ्यासिकेला आता खालपासून छतापर्यंत मोठ्या फरश्या आहेत. त्यातल्या एखादीजवळ मी बसते, पुस्तक ठेवते, आणि उघडायच्या आधी बोटाच्या पेरानं फरशी वाजवून बघते. आवाज भरीव आला की बरं वाटतं. पोकळ आला तर जागा बदलते. शेजारी बसणारी मैत्रीण एकदा म्हणाली की भिंतीला विचारून पेपर सोपा निघत नाही. मी हसले. तिला सगळं सांगायचं मनात होतं, पण कुठून सुरुवात करावी ते सुचलं नाही. आमच्या घरात पहिल्यांदा महाविद्यालयात आलेली मुलगी मी. आपल्या घरच्या गोष्टी इथं सांगण्याजोग्या असतात का, हे अजून मला नीट कळत नाही. म्हणून लिहून बघते आहे.

तो माझ्या पहिल्या वर्षाच्या परीक्षेचा उन्हाळा होता. पेपरांच्या मध्ये सुट्टी होती म्हणून मी गावी, नेकनूरजवळच्या आमच्या वस्तीवर आले होते. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या, कडुलिंबाची बारीक पांढरी फुलं वाऱ्यानं दारात येऊन पडलेली, आणि टँकर येणार म्हणून सकाळपासून रस्त्याकडेला मांडलेल्या रिकाम्या घागरी. आमचं घर पत्र्याचं. दहा वाजले की पत्रा तापून तडतड आवाज करायचा, आणि आत बसून वाचणं म्हणजे चुलीवरच्या तव्याखाली बसून वाचणं. पुस्तकाची पानं घामानं बोटाला चिकटायची. त्यामुळं आईदादा कामाला निघाले की मीही पुस्तकं घेऊन त्यांच्याबरोबर जायची. दादा म्हणजे माझे वडील. आमच्याकडे वडिलांना दादाच म्हणतात.

काम चाललं होतं नानांच्या नव्या बंगल्यावर. नाना गावातले मोठे शेतकरी, राजकारणातले, तालुक्यात त्यांच्या शब्दाला वजन. बंगल्याच्या मागच्या खोलीत फरशी आधीच झाली होती. दार लावून घेतलं की ती खोली रांजणाच्या पोटासारखी गार असायची. मी तिथं भिंतीला पाठ लावून रसायनशास्त्र वाचायची, आणि उघड्या दारातून समोरच्या हॉलमध्ये आईदादा दिसायचे.

ते दोघं मिळून भिंतीला फरशी बसवायचे. हे सांगितलं की लोकांना अजूनही खोटं वाटतं. बायकांनी वाळू चाळावी, पाणी आणावं, घमेली द्यावीत, हे सगळ्यांना माहीत. पण माझी आई फरशीची दुसरी बाजू उचलायची. त्याचं कारण ऊस. माझ्या लहानपणी दोघं दरवर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जायचे. तिकडं नवरा-बायकोच्या जोडीला एकच नाव असतं, कोयता. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. त्यानं तोडायचं, तिनं मोळी बांधायची, त्यानं उचलून तिच्या डोक्यावर द्यायची, तिनं फळीवरून चढून ट्रकात टाकायची. एकाचा पाय थांबला तर दुसऱ्याचा हात थांबला पाहिजे. नाहीतर मोळी अंगावर. इतकी वर्षं असं काम केल्यावर त्यांना एकमेकांशी बोलायची गरज उरली नव्हती. एका वर्षी हंगाम लवकर संपला तेव्हा दादांनी तिकडच्याच एका बांधकामावर फरशीचं काम धरलं आणि शिकून घेतलं. मग उन्हाळ्यात फरशी, हिवाळ्यात ऊस, असं चालू झालं. हल्लीच्या मोठ्या फरश्या आल्या, माझ्या खांद्याएवढ्या उंच, एकट्यानं न उचलणाऱ्या, तेव्हा दादांनी जोडीला माणसं लावून पाहिली. कुणी आधी उचलायचा, कुणी आधी सोडायचा. शेवटी एके दिवशी ते आईला म्हणाले की तूच चल. ती पदर खोचून गेली, तेव्हापासून तीच.

फरशी उचलायला दोन रबरी कप असतात. गुळगुळीत बाजूवर दाबून खटका लावला की घट्ट चिकटतात. दोघं दोन बाजूंनी ते धरायचे. मग दादा नुसता श्वास घ्यायचे. आवाजही नसायचा, खांदे किंचित वर जायचे, आणि त्याच क्षणी आईचेही. फरशी जमिनीवरून उठायची तेव्हा ती दोघांपैकी कुणी उचलली असं वाटायचंच नाही. आपली आपणच उठली असं वाटायचं. मी वाचायचं सोडून ते बघत राहायची. मला त्यात काय दिसायचं ते मी नेमकं सांगू शकणार नाही. एवढं आठवतं की मूलद्रव्यांच्या बंधांविषयीचं प्रकरण तेव्हा समोर उघडं असायचं, आणि डोळे पानावर यायला तयार नसायचे.

त्या उन्हाळ्यात घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. कारण सगळ्यांना माहीत होतं. मुकादम पुढच्या हंगामाच्या जोड्या उन्हाळ्यातच ठरवतो. तो दोनदा येऊन गेला होता. दादांनी त्याला हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. एवढंच सांगितलं होतं की नानाची भिंत होऊ दे. वास्तुशांतीला अर्धा तालुका येणार होता. दारातून आत पाऊल टाकलं की समोर तीच भिंत. ती चांगली झाली तर बघणारे विचारतील कुणी केली, आणि कामं मिळाली तर दसऱ्यानंतर ट्रकात बसायचं नाही. भिंत बिघडली तर नवरा-बायकोची ही मिस्त्रीगिरी तिथंच संपली. नाना तर शहरातून कारागीर आणणार होते. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, हट्ट धरला होता की स्वैपाकघर ज्यांनी केलं तेच हॉलही करतील.

फरश्या आल्या त्या दिवशी सगळे खोकी उघडताना उभे होते. पांढऱ्या रंगावर राखाडी-सोनेरी शीर होती. ती एका फरशीतून पुढच्या फरशीत जायची, मधल्या फरशीपासून दोन्हीकडे सारखी पसरायची, पाखराच्या पंखांसारखी. प्रत्येकीची जागा ठरलेली. एक फुटली तर तिच्याजागी दुसरी चालणार नव्हती, आणि वास्तुशांतीच्या आत नवी येणार नव्हती. आईनं त्या दिवशी फरशीवर हात फिरवला आणि लगेच मागं घेतला, झोपलेल्या लेकराच्या अंगावरून घ्यावा तसा.

मधली फरशी पहिली बसणार होती. त्या सकाळी काकू आंघोळ करून आल्या. हातात तेलात कालवलेला शेंदूर. त्यांनी आधीच ठरवलं होतं की देव्हारा याच भिंतीवर मधोमध टांगायचा, आणि जिथं देव्हारा येणार तिथंच, उघड्या गिलाव्यावर, त्यांनी बोटानं गणपती काढला. चांगला ताटाएवढा. सोंड, कान, मोदक, खाली उंदीरसुद्धा. शेंदराचा हात सढळ होता, तेल गिलाव्यात मुरून कडेनं ओला डाग पसरत गेला. मग हळद-कुंकू, अक्षता, उदबत्ती. काकू म्हणाल्या की बाप्पा मागं बसले की भिंतीला कशाचं भेव न्हाई. दादांनी हात जोडले, आईनं जोडले, मीही आतून जोडले. काकू समाधानानं स्वैपाकघरात गेल्या.

दादांनी केमिकल कालवलं. फरशी चिकटवायच्या त्या राखाडी लगद्याला आमच्याकडे केमिकल म्हणतात. दातेरी थापीनं ते वरून भिंतीला लावत आले. थापी गणपतीपाशी आली आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी आईकडे पाहिलं. आईनं खाली पाहिलं. दादांनी थापी वळवली आणि गणपतीच्या भोवतीनं, सोंडेला धक्का न लावता, कानाच्या कडेकडेनं केमिकल ओढलं. मधे गणपती तसाच मोकळा राहिला, राखाडी रानात शेंदरी दगड असावा तसा. मला ते फार आवडलं. आपल्या माणसांविषयी अभिमान वाटावा असं काहीतरी आपण पाहिलं, असं मला वाटलं. मग दोघांनी फरशी उचलली, भिंतीला टेकवली, दादांनी पाणसळ लावून पातळी बघितली, रबरी हातोड्यानं हळूहळू ठोकली, आणि गणपती दिसेनासा झाला.

पुढची फरशी उचलायच्या आत उत्तममामा आले. उत्तममामा म्हणजे देव्हारा बनवणारे सुतार, दादांच्या वयाचे, तोंडानं फाटके आणि मनानं बरे. आल्या आल्या ते दादांना म्हणाले की तुझी मिस्त्रीण बरी हाय, तुलाच बदलायला पायजे. आई हसली नाही. मामांनी फूटपट्टी काढली, देव्हाऱ्याचे खिळे कुठं येतील ते बघायला फरशीवर पेन्सिलीनं दोन फुल्या केल्या, आणि सवयीनं पेन्सिलीच्या मागच्या टोकानं तिथं ठोकलं.

आवाज ढब आला.

त्यांनी बाजूला ठोकलं. टक. पुन्हा फुलीवर. ढब. मी आत होते, तरी तो फरक मला ऐकू आला.

"भानुदास, मागं काय ठेवलंस बे?"

"गणपती हाय," दादा म्हणाले.

"गणपती मलाबी ठाव हाय. केमिकल कुठंय?"

दादांनी थापी घमेल्यात ठेवली. मग म्हणाले, "देवावर चिखल कसा फासायचा उत्तमराव?"

"अन् देवाचं ओझं कशावर टांगायचं? हवेवर?" मामांचा आवाज आता चेष्टेचा नव्हता. "सागवानी देव्हारा हाय. मी इथं ड्रिल लावलं की ही फरशी काचंसारखी तडकंल. न्हाई तडकली तर ओझ्यानं तडकंल."

बाहेर मांडववाले बांबू उतरवत होते, त्यांचा आवाज आत येत होता. मला आजही वाटतं, दादांना ते कळत नव्हतं असं नाही. त्यांना कळत होतं, पण त्यांचा हात ऐकला नव्हता. आमच्या वस्तीवर कुणाचाच हात ऐकला नसता. वाटेवर शेंदूर लावलेला साधा दगड दिसला तरी आम्ही चप्पल काढून पुढं जातो. आणि हा तर काकूंनी स्वतः काढलेला, पुजलेला गणपती. त्यावर थापी ओढणं त्यांना जमलं नाही. न ओढण्याचं मोल काय पडेल ते त्यांनी धरलं नाही, एवढंच.

आता दोनच रस्ते होते. एक तर फरशी काढायची. उन्हाळ्यात केमिकल लवकर ओढतं, म्हणजे वाळून घट्ट होतं. दुपारपर्यंत ती भिंतीशी एक झाली असती, मग फोडल्याशिवाय निघाली नसती. आणि आत्ता काढताना फुटली तर भिंतच अपुरी राहणार. दुसरा रस्ता गप्प बसायचा. दादांनी तोच आधी धरला. ते मामांना म्हणाले, खिळे थोडे कडेला घे, वास्तुशांत तर होऊन जाऊ दे, नंतर बघू. मामा मान खाजवत राहिले. त्यांनाही ते पटत होतं असं मला वाटलं. माझ्याही मनात आलं, की असू दे ना. देव सांभाळील. दोन दिवस तरी सांभाळील. परवा माझा पेपर होता, परवाच वास्तुशांत. माझं सगळं मन त्या परवाच्या पलीकडे बघायलाच तयार नव्हतं.

आईनं घमेल्यातल्या केमिकलला बोट लावलं. ते अजून बोटाला लागत होतं. तिनं बोट पदराला पुसलं.

"नंतर तिथं काकूची नातवंडं खेळतील," ती म्हणाली. "देव्हाऱ्याखाली."

"तिला काय सांगशील? तुमचा गणपती खरवडतो म्हणून?" दादांनी विचारलं.

"तेच सांगते."

आणि ती गेलीसुद्धा. दादा तिच्यामागं दोन पावलं गेले आणि थांबले. कामावर त्या दोघांच्यात तोंडानं वाद झालेला मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला.

स्वैपाकघरात बायका तांदूळ निवडत होत्या. आईनं काकूंना बाहेर बोलावलं. आडपडदा न ठेवता तिनं सगळं सांगितलं. केमिकल गणपतीच्या भोवतीनं लावलंय, मागं पोकळी हाय, फरशी आत्ता काढावी लागंल, गणपती पुसून त्याखालचा तेलकट गिलावा खरवडावा लागंल, आणि फरशी काढताना फुटूबी शकते. एवढं बोलेपर्यंत तिचा आवाज सपाट होता. दोन्ही हात मात्र तिनं पोटाशी एकमेकांत घट्ट धरले होते.

काकू फरशीसमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा उतरत गेला. मी दाराशी आले होते. त्या ओरडतील, नानांना फोन लावतील, शहरातल्या कारागिरांचं नाव घेतील, असं मला वाटत होतं. त्या नुसत्या बघत होत्या. मग आईकडे न बघता म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी देव उठवायचा? तूच सांग, तुझ्या घरी असं झालं असतं तर?"

"आमच्या घराला पत्रा हाय काकू, भिंतच न्हाई," आई म्हणाली. "पण गणपती आमीबी बसवतो. अन् उठवतोबी. बसवल्याला उठवला न्हाई तर पुढच्या साली त्यो येणार कसा?"

केमिकल वाळत होतं. पंखा गरम हवा फिरवत होता. काकूंच्या हाताला अजून शेंदूर होता, तो त्या अंगठ्यानं चोळत होत्या.

"आधी फरशी नीट काढा," त्या म्हणाल्या. "मग विसर्जनाचं माझं मी बघते."

दादांच्या पिशवीत सायकलच्या ब्रेकची उकललेली बारीक तार होती. तिकडच्या बांधकामावर त्यांनी ही युक्ती पाहिली होती, स्वतः कधी केली नव्हती. तार फरशीच्या मागून, वरच्या कडेनं घालायची आणि दोन बाजूंनी दोघांनी करवतीसारखी ओढत खाली आणायची. एक टोक दादांनी धरलं, दुसरं मामांनी. म्हणजे फरशी धरायला आईबरोबर कुणी नव्हतं. दादांनी मांडववाल्यांतला एखादा बोलवायला तोंड उघडलं, तोवर आईनं दुसरा रबरी कप माझ्यापुढं धरला होता.

मी कप दाबला, खटका लावला. मूठ घामानं सुटत होती, ओढणी गुंडाळून पुन्हा धरली. आई मला काहीच सांगत नव्हती. कसं उभं राहायचं, कधी जोर लावायचा, काही नाही. तार आत गेली आणि किरकिर आवाज करत खाली सरकू लागली. दादांच्या मानेच्या शिरा वर आल्या होत्या. मामांची बडबड बंद झाली होती. तार खाली येईल तसतशी फरशी वरच्या बाजूनं सुटत होती, आणि तिचं ओझं हळूहळू भिंतीकडून आमच्याकडे येत होतं. ते येणं मला मनगटात कळत होतं. एका ठिकाणी तार अडकली. दादांनी जोर केला तर फरशीत बारीकसा कट असा आवाज झाला. सगळे जागच्या जागी थिजलो. मी डोळे मिटले. मला फरशीतली शीर तुटलेली बघायची नव्हती. मग आईचा श्वास जाणवला. नेहमीचा, खांदे वर नेणारा. मी डोळे उघडले. तडा नव्हता, केमिकलचा वाळलेला तुकडा सुटला होता. दादा म्हणाले, हळू. तार पुन्हा सरकली.

ती शेवटच्या वितीत आली तेव्हा सगळं ओझं एकदम आमच्या अंगावर आलं. मला आठवतं ते एवढंच की आईचे खांदे वर गेले आणि माझेही गेले. मी ठरवून केलं नाही. तिच्या अंगातून कुणीतरी माझ्या अंगाला सांगितलं असावं. आम्ही दोघींनी एक पाऊल मागं घेतलं, मग दुसरं, आणि फरशी गोणपाटावर टेकवली. आईनं माझ्याकडे पाहिलं. कौतुकानं वगैरे नाही. मोळी नीट पडली की बघतात तसं. ऊसतोडीच्या दिवसांत मी गावी आत्याकडे असायची, शाळेसाठी. आई कशी काम करते ते मी कधी जवळून पाहिलंच नव्हतं, तिचं ओझं तर सोडाच. त्या क्षणाला आम्ही दोघी एक कोयता होतो. हे मी तिला अजून म्हटलेलं नाही.

गणपती भिंतीवर तसाच होता. फक्त फरशीच्या दाबानं एका बाजूनं केमिकल आत सरकून एक कान झाकला गेला होता. काकूंनी वाटीत अक्षता आणल्या. त्या वाहिल्या, हात जोडले, आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसाशी बोलावं तसं हळूच म्हणाल्या, "जरा जागा सोडा बाप्पा. तुमच्यासाठीच चाललंय." मग धुतलेल्या फडक्यानं त्यांनी स्वतः शेंदूर पुसला. फडकं लाल झालं, भिंतीवर तेलाचा काळा डाग राहिला. दादा टाकी-हातोडी घेऊन उभे होते, पण हात उचलेना. काकूंनी ते पाहिलं.

"आता ती नुसती भिंत हाय, भानुदास," त्या म्हणाल्या. "मार."

दादांनी पहिला घाव घातला तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते. दुसऱ्या घावाला उघडले. तेल प्यालेला गिलावा ते खोलपर्यंत खरवडत गेले, कोरडी वाळू दिसेपर्यंत. आई तोवर फरशीच्या पाठीवरचं केमिकल खरवडत होती. मग नवं केमिकल, भिंतीलाही आणि फरशीच्या पाठीलाही, कुठं बोटभर जागा न सोडता. फरशी परत चढवली ती त्या दोघांनीच. मी आतल्या खोलीत येऊन पुस्तक उघडलं आणि एकच ओळ परत परत वाचत बसले.

पण खरा ताण तर दुसऱ्या दिवसाचा होता. आवाज भरीव येत होता, दादांनी किती वेळा वाजवलं असेल कोण जाणे. तरी उत्तममामा म्हणत होते की ड्रिल आत गेल्याशिवाय फरशीचं काही सांगता येत न्हाई. कालच्या त्या कट आवाजानं आत न दिसणारा तडा गेला असेल तर तो आता फुटेल. सकाळी नानाही आले होते. त्यांना काकूंनी किती सांगितलं होतं ते मला ठाऊक नाही. ते मागं हात बांधून उभे होते, आणि त्यांच्यामुळं आणखी दोनचार माणसं. मामांनी फुलीवर चिकटपट्टी लावली, ड्रिल टेकवलं. तेवढ्यात आई पुढं झाली आणि ड्रिलच्या शेजारी फरशीवर तिनं पंजा ठेवला, सपाट, बोटं पसरून. मामा म्हणाले, हात काढा वयनी. तिनं काढला नाही.

ड्रिल सुरू झालं. आधी पांढरी भुकटी आली, फरशीची. मी दादांकडे पाहत होते, ते भुकटीकडे. मग राखाडी, केमिकलची. ती येत राहिली, जितकी यायला हवी होती तितकी. मग वाळूसारखी, गिलाव्याची. आणि मग लाल. विटेची लाल भुकटी पांढऱ्या फरशीवरून खाली ओघळली तेव्हा दादांनी तोंडावरून हात फिरवला आणि बाहेर जाऊन मांडवाच्या बांबूला टेकून उभे राहिले. दुसरं भोकही तसंच गेलं. आईनं हात काढला. तिथं फरशीवर तिच्या पंजाचा ओला ठसा होता, सगळी बोटं दिसत होती. उन्हाच्या हवेत तो कडेकडेनं वाळत आत आत गेला. तिच्या फरशीवरचे डाग एरवी तीच आधी पुसते. तो तिनं पुसला नाही.

वास्तुशांत मला बघायला मिळाली नाही. मी पहाटेच्या गाडीनं केजवरून अंबाजोगाईला गेले. पेपर बरा गेला. बंधांवरचा प्रश्न आला होता, तो मात्र मी सोडून दिला. आणखी काय लिहू त्याविषयी. परत आले तेव्हा मांडव उतरवला होता आणि दारात पत्रावळी उडत होत्या.

आता उन्हाळा आला की दादांचा फोन येतो, आवाजामागं कुठल्यातरी घराची रिकामी खोली घुमत असते. अभ्यास कसा चाललाय ते विचारतात आणि मग तोंडातल्या तोंडात सांगतात की आज अमक्याकडे होतो, भिंत मोठी हाय. आई फोनवर फार बोलत नाही. मागून तिचा आवाज येतो, ती दादांना काही सांगत असते. हल्ली ते कामावर बोलतात. पूर्वीपेक्षा बरंच. आधी मला वाटलं होतं त्यांच्यातलं काही बिघडलं. मग वाटलं, तसं नसावं. एकदा मोठ्यानं म्हणावं लागलं, तेव्हापासून म्हणता येतं, असं असेल. मला खात्री नाही.

त्या वर्षीचा दसरा मात्र मला स्वच्छ आठवतो. सुट्टीत मी घरी होते. उजाडताना ट्रक वस्तीवर आला, त्यात पोरं, कोंबड्या, भांडी, पेंगुळलेल्या बायका. शेजारच्या काकींनी दाराला कुलूप घातलं आणि किल्ली आईच्या हातात दिली, अधूनमधून झाडलोट करायला. आईनं त्यांना भाकरीचं गाठोडं दिलं. दरवर्षी या वेळेला आमच्याही दाराला कुलूप लागायचं, आणि किल्ली आत्याकडे जायची, माझ्यासकट. ट्रक निघाला. मुकादम पुढं बसला होता, त्यानं दादांकडे पाहून हात वर केला, दादांनीही केला. धूळ खाली बसेपर्यंत आई रस्त्यावर उभी होती. मग घरात आली, आणि तिनं दाराला आतून कडी लावली.